मिठाची काच

तार दोन ओळींची होती: ‘यंत्र सापडले. थंड जागी सुरक्षित ठेवले आहे. दूध संस्था, करडवाडी, तालुका परळी, जिल्हा बीड.’

ती माझ्या हातात पडली तेव्हा मी हैदराबादला, फुगे सोडण्याच्या केंद्रात होते. आमचा फुगा बत्तीस किलोमीटर उंचीवर जाऊन आला होता. पण उतरताना त्याचा रेडिओ बंद पडला, आणि खाली टांगलेलं आमचं यंत्र पॅराशूटसकट नेमकं कुठे पडलं ते तीन दिवस कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘सुरक्षित’ हा शब्द मी चारदा वाचला. ‘थंड’कडे माझं लक्ष गेलं नाही.

केंद्राची जीप घेऊन शफीभाई आणि मी पहाटे चारला निघालो. शफीभाई ड्रायव्हर होते आणि मेकॅनिकही; मूळचे परळीचे. मी स्वतः बीडची, पण एम.एस्सी.साठी पुण्याला गेल्यापासून जिल्ह्यात येणं सणासुदीपुरतंच राहिलं होतं. १९८७चा एप्रिल होता. अहमदपूर मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रानं एकाच रंगाची झाली. कमी पावसानंतरचा हा लागोपाठचा तिसरा उन्हाळा. गावागावाच्या तोंडाशी रिकाम्या घागरी ओळीने मांडलेल्या. माणसं सावलीत, ओळीत फक्त घागरी.

“म्याडम, ते तुमचं यंत्र मोजतंय तरी काय?” शफीभाईंनी विचारलं.

“सूर्याचा प्रकाश खाली येताना वाटेतला प्रत्येक वायू त्यातला आपापला वाटा खातो. कुठला वाटा गायब झाला ते पाहिलं की वर कोणता वायू आहे आणि किती, ते कळतं.”

“आन् तुमाला कोन पायजे?”

“मिथेन. गोबरगॅसमध्ये असतो तोच.”

शफीभाईंनी गियर बदलला. “या अल्ला! गोबरगॅस बघायला येवढ्या वर?”

मलाही हसू आलं. पण त्या ‘येवढ्या वर’पायी माझी दोन वर्षं गेली होती. यंत्राचं नाव इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर. डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या प्रकाशाची ते फोड करतं. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत ते दगडी टेबलावर बसलेलं असे, वातानुकूलित खोलीत, भिंतीतल्या विजेवर. वजन एकशे दहा किलो. त्याला आकाशात पाठवायचं म्हणजे आधी त्याचं बस्तान उठवायचं. आम्ही लोखंडी बैठक काढून अॅल्युमिनियमची बसवली. आतल्या सरकत्या आरशाचं तेल उणे सत्तर अंशांना गोठे, म्हणून ते धुऊन काढलं आणि कोरडी भुकटी घातली. विजेच्या जागी बॅटऱ्या आल्या. सूर्य धरून ठेवायला बाहेर एक फिरता आरसा लावला. सगळं एका हवाबंद पिंपात बसवलं तेव्हा वजन त्रेचाळीस किलो भरलं होतं.

एक भाग मात्र बदलता आला नाही. यंत्राच्या पोटात तळहाताएवढी एक चकती असते. ती प्रकाशाचे दोन भाग करते. दिसायला काच, पण साधी काच उष्णतेचा प्रकाश अडवते, म्हणून ही चकती मिठाच्या जातीच्या एका क्षाराची केलेली असते. ओलावा लागला की ती मिठासारखीच विरघळू लागते. आमच्याकडे अशी एकच चकती होती. परदेशातून दुसरी यायला चौदा महिने लागले असते, आणि आमचा प्रकल्प अकरा महिन्यांत संपत होता.

उड्डाणातली मोजमापं यंत्रातल्या टेपवर होती. पण टेप मिळून भागणार नव्हतं. यंत्र वर जाऊन, आपटून परत आलं की त्याच चकतीसकट त्याला ओळखीचा वायू पुन्हा मोजायला लावतात. आपल्याला आधीच ठाऊक असलेला आकडा त्याने बरोबर सांगितला, तरच वरचे आकडे खरे धरायचे. म्हणून मिथेन भरलेली, दोन्ही टोकं बंद केलेली एक नळी मी जीपमध्ये मांडीवर धरली होती. परत आलेल्या यंत्राची परीक्षा झाली नाही, तर त्या टेपवर निव्वळ रेघोट्या होत्या.

करडवाडी धर्मापुरीच्या अलीकडे चार कोसांवर. गावाबाहेर जनावरांची छावणी होती आणि छावणीवर आमचं केशरी पॅराशूट ताणलेलं होतं. त्याच्या सावलीत वीसेक गुरं उभी होती. छावणीला लागूनच दूध संस्थेची खोली. दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. नाकात नथ नाही, हातात दुधाची घनता मोजायची काचेची नळी.

“ते हैदराबादवालं आलं गं!” त्यांनी आत कुणाला तरी सांगितलं आणि मला वरून खाली पाहिलं. “मी पारूबाई. संस्थेची चेअरमन. सायेब कुठंय?”

“मीच आलेय. यशोधरा.”

“तू? बरं झालं. सायेब आला आस्ता तर खुर्ची शोधावी लागली आस्ती.”

त्यांनी मला आत नेलं. बाहेर चटके बसत होते आणि आत माठाच्या तळाशी असावा तसा गारवा. दुधाचे कॅन ओळीने ठेवलेले, प्रत्येकाभोवती ओलं गोणपाट. आणि कोपऱ्यात, सगळ्यांत जाड गोणपाटात गुंडाळलेलं, तीन बाजूंनी ओल्या वाळूत रोवलेलं आमचं पिंप. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.

मी पिंपाशी गुडघे टेकून बसले.

“तीन दिस झाले,” पारूबाई म्हणाल्या. “एका घडीला बी सुकू दिलं न्हाई. टँकर एकाआड एक दिस येतोय, तर दर घरातून एक तांब्या काढला ह्याच्यासाठी. रात्री ही मालनबाई उठून शिंपडायची.”

“पण कावून?” मी विचारलं. ‘का’ऐवजी हा शब्द किती वर्षांनी माझ्या तोंडून आला.

“आता कावून काय? तुमीच लिवलंय की.”

त्यांनी गोणपाट बाजूला केलं. पिंपावर पांढरी पट्टी, आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात: ‘हे यंत्र संशोधनाचे आहे. उघडू नये. उन्हात ठेवू नये. थंड जागी ठेवावे. खालील पत्त्यावर तार करावी.’

मूळ पट्टी फक्त इंग्रजीत होती. मराठीतही हवी म्हणून मीच हट्ट धरला होता. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातली प्रयोगशाळा होती. तिथे थंड म्हणजे वातानुकूलित, आणि वातानुकूलित म्हणजे आपसूक कोरडं. बीडमधल्या आमच्या घरी उन्हाळ्यात कोथिंबीर, दूध, नागवेलीची पानं, सगळं ओल्या फडक्यातच राहायचं. पाण्यावाचून काही थंड करता येतं हे मी कॉलेजात जाईपर्यंत पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी मला सुचलं नाही.

आम्ही पिंप छावणीच्या सावलीत आणलं. पडताना झाकणाची कड दबली होती आणि तिथे नखभर फट होती. मी झाकण उघडलं. ओलावा शोषायला आत निळ्या दाण्यांची पुडी ठेवतात. ओल पिऊन ते दाणे गुलाबी होतात. पुडी सगळीच्या सगळी गुलाबी झाली होती. टेप कोरडी होती. चकती कडेला दुधाळ झाली होती, आणि त्या दुधाळ कडेतून एक चीर निघून जवळजवळ मध्यापर्यंत आली होती.

“पाणी बाधलं का?” पारूबाईंनी विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. “हो,” मी म्हणाले. “ही मिठाची आहे.”

पारूबाईंनी चकतीकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मागे उभ्या मालनबाई पुटपुटल्या, “पोराला आंगूळ घातली न्हाई तीन दिस, आन् ह्याला...”

“तुमचं काही चुकलं नाही,” मी घाईने म्हणाले. “पट्टीवर लिहिलं होतं तसंच तुम्ही केलंत. चूक लिहिणारीची आहे. लिहिणारी मी.”

“येवढं शिकलीस,” पारूबाई म्हणाल्या, “आन् मिठाला थंड जागी ठेव म्हनलीस?” रागाने नव्हे, खरंच कोडं पडल्यासारखं. मग त्यांनी पदराने हात पुसले. “आता हे मोडीत गेलं का?”

मी बोटाने चीर न शिवता तिच्यावर भिंग धरलं. प्रकाश जातो तो मधला भाग अजून स्वच्छ होता. जीपमधला आर्द्रता मोजायचा काटा चौदा टक्क्यांवर होता. इथली हवा आमच्या कोरड्या कपाटाहून कोरडी होती, म्हणजे झाकण उघडल्या क्षणापासून चकतीचं विरघळणं थांबलं होतं. माझ्या कामाचं जे काही उरलं होतं ते दुष्काळाने वाचवलं होतं, आणि माझ्यामागे छावणीतली गुरं उसाचं वाढं चघळत उभी होती. मी काटा पिशवीत ठेवून दिला.

“पुण्यापर्यंत जाईल का हे?” मी शफीभाईंना विचारलं.

त्यांनी चीर पाहिली. “म्याडम, खरं सांगू? हे धर्मापुरीच्या पुलापर्यंत बी जानार न्हाई.”

मग परीक्षा इथेच घ्यायची. आज, सूर्य आहे तोवर. वीज लागणार होती, ती जीपच्या बॅटरीतून मिळाली असती. प्रकाश डोक्यावर होता. ओळखीच्या वायूची नळी होती. नव्हता तो द्रव नायट्रोजन. यंत्राचा डोळा म्हणावा असं एक लहानसं स्फटिक असतं. ते उणे एकशे शहाण्णव अंशांपर्यंत गार केल्याशिवाय काही पाहत नाही. हैदराबादहून निघताना मी नायट्रोजन आणला नव्हता. परीक्षा पुण्यात होणार होती. मी खाली बसले. अडचण काय ते शफीभाईंनी विचारलं तेव्हा मी नुसती बडबडल्यासारखी सांगत गेले: उकळत्या पाण्यासारखी वाफ येते, पण गार; थर्मासमध्ये भरून ठेवतात...

“निवृत्तीकडं हाय की,” पारूबाई म्हणाल्या.

“काय?”

“तेच. धूर निघतो, हात घातला तर कातडं जातं. त्यात वळूच्या नळ्या बुडवून ठेवतोय त्यो.”

निवृत्ती संस्थेत गाईंचं कृत्रिम रेतन करायचा. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं आणि तो दर वेळी “मी डॉक्टर न्हाई” म्हणायचा. त्याने खोलीतून अॅल्युमिनियमचं मोठं भांडं आणलं, झाकण काढलं, आणि पांढरा धूर त्याच्या पायांवर सांडला. इतकं परिचयाचं काही पाहून माझे डोळे भरून आले. मी ते धुरावर ढकललं.

त्याने एक काळी काडी भांड्यात बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली. काडीवर हिम धरलं, तेवढी पातळी. त्याने हिमावर बोटं टेकवून मोजलं. “धा बोटं.”

“मला किती देता येईल?”

“ह्याच्यात अठरा नळ्या हायेत, ताई. देवणी वळूच्या. भरायची गाडी पुढच्या सोमवारी. तवर दोन बोटं आपसूक उडतील. नळ्या बुडायला चार लागत्यात.” त्याने हिशेब पुन्हा मनात केला. “सहाच्या खाली मी जाऊ देनार न्हाई.”

“आता कुठली गाय माजावर येतीय बे?” शफीभाई म्हणाले. “हाडं निगालीत त्यांची.”

“आता न्हाईच. पर पाऊस झाला, चारा झाला की सगळ्या एकदमच येतील. तवा नळ्या न्हाईत म्हनलं तर वरीस गेलं. आर्धी गुरं बाजारात गेलीत. ऱ्हायली त्यांची तरी वासरं पायजेत का न्हाई?”

“चार बोटं पुरतील,” मी म्हणाले. मला आठ मोजण्या हव्या होत्या. एका मोजणीला सात मिनिटं. साबूत यंत्र असतं तर चार बोटांत आठ सहज झाल्या असत्या.

पण यंत्र साबूत नव्हतं. स्फटिकाभोवतीचा थर्मास आपटून निर्वात उरला नव्हता, त्यामुळे ओतलेला नायट्रोजन तव्यावर पडल्यासारखा चुरचुरून उडत होता. सूर्य धरणाऱ्या आरशाची मोटारही जळाली होती. तो आरसा हातानेच फिरवावा लागणार होता, केसभर, सारखा, सूर्य सरकेल तसा.

“कुणाचा हात थरथरत नाही?” मी विचारलं.

पारूबाई पुढे आल्या. “वीस वरसं दुधाची नळी डोळ्यापुढं धरतेय. एक रेघ इकडची तिकडं झाली तर बाया भांडायला येत्यात. सांग काय करायचं.”

मी त्यांना मीटर दाखवला. काटा ऐंशीवर राहिला पाहिजे. खाली आला की आरसा थोडा उजवीकडे. त्यांनी मांडी घातली, दोन बोटांत आरशाची कड धरली आणि श्वास बारीक केला. निवृत्तीने पहिला नायट्रोजन ओतला. मी नळी प्रकाशाच्या वाटेत ठेवली आणि टेप चालू केली. आतला आरसा सरकू लागला. त्याचा आवाज मला पाठ होता, शिवणयंत्र दूर कुठेतरी चालावं तसा.

“काय गं, ह्या नळीत खरंच गोबरगॅस हाय?” पारूबाईंनी काट्यावरची नजर न हलवता विचारलं.

“हो. मोजून भरलेला.”

“म्हंजे आमच्या म्हशी खाली सोडत्यात, त्यो तू वर मोजतीस.”

“थोडंफार तसंच.”

“आगं, मग म्हशीलाच इचारायचं. फुगा कशाला फुगवला?”

मालनबाई फिस्सकन हसल्या. काटा पंचाहत्तरवर आला आणि पारूबाईंनी हसू गिळून तो परत वर नेला. पहिली मोजणी झाली. दुसरी. तिसरीच्या मध्यावर एक म्हैस हंबरली आणि आरसा हलला. ती मोजणी मी पुन्हा घेतली. प्रत्येक मोजणीनंतर निवृत्ती काडी बुडवायचा, हलवायचा, हिमावर बोटं टेकवायचा. नऊ. आठाच्या वर थोडं. आठ. चकतीची चीर मी भिंगाने पाहत होते. ती वाढली नव्हती.

सहावी मोजणी संपली तेव्हा काडीवर सहा बोटं हिम होतं. त्याने पुन्हा एकदा बुडवून पाहिलं. सहाच.

सगळे माझ्याकडे पाहत होते.

“अजून किती पायजेत?” पारूबाईंनी विचारलं.

“दोन.”

“दे की रे, निवृत्ती. एक बोट. सोमवार काय लांब न्हाई.”

निवृत्तीने भांड्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं: गाडी सोमवारी येतेच असं नाही, गेल्या महिन्यात ती तीन दिवस उशिरा आली होती, हे त्याने मघाशी सांगितलं होतं. आणि गावाने आपल्या वाटणीचं पाणी ओतून पाहुण्यांचं यंत्र बिघडवलं होतं, तेही त्याला बोचत असणार. त्याने पळी हातात घेतली आणि भांड्यावर वाकला.

मी डोक्यात भागाकार केला. आठ मोजण्यांनी आकडा किती पक्का झाला असता, सहांनी किती होईल. तो मी तीनदा केला, कारण आणखी दोन घ्यायलाच हव्यात असं काही तो सांगत नव्हता. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरला तरी त्या अठरा नळ्यांना अजून साठ दिवस याच भांड्यात काढायचे होते.

“बास,” मी म्हणाले. “झाकण लावा.”

“ताई, थोडं घ्या. खरंच.”

“सहा बोटं ठरलं होतं.” मी टेप थांबवली. निवृत्तीने पळी धुरातून बाहेर काढली आणि झाकण लावलं. मग भांडं दोन्ही हातांनी छातीशी धरून आत नेलं. पारूबाईंनी आरसा सोडला तेव्हा त्यांची बोटं आखडून तशीच राहिली होती. मालनबाई त्यांचा हात चोळत बसल्या.

निघताना मी पॅराशूट मागितलं नाही. नियमाने ते परत न्यायचं असतं. शफीभाईंनी छावणीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, “जळून गेलं म्हनून लिवा.” मी तसं लिहिलं नाही. ‘जनावरांच्या सावलीसाठी गावाने वापरात घेतले आहे, परत आणलेले नाही,’ असं लिहिलं.

चकती शफीभाईंनी सांगितलं होतं त्याच्याही आधी मोडली, गावाबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात. एकच बारीक आवाज आला. आम्ही थांबलो नाही.

परळीच्या पोस्टातून मी पुण्याला ट्रंक कॉल लावला. तीन मिनिटांचा. प्रकल्प आमच्या सरांचा होता. यंत्र उचलून पिंपात घालायची परवानगीही त्यांनीच भांडून मिळवली होती. लाइन लागायला पाऊण तास लागला.

“चकती?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“मोडली. पण परीक्षा आधी झाली सर. गावातच.”

“गावात?” तारेत खरखर झाली. “आणि चकतीला पाणी कसं लागलं? लोकांनी उघडलं का?”

“नाही सर. झाकणाला कुणी हात लावला नाही. थंड जागी ठेवा असं लिहिलं होतं, आणि त्यांनी ओल्या गोणपाटात ठेवलं. कोरड्या जागी असं लिहायला हवं होतं. ते मी लिहिलं होतं.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“मोजण्या किती झाल्या?”

“सहा.”

“आठ ठरल्या होत्या.”

“हो. उरलेला नायट्रोजन गाईंचा होता.”

“कोणाचा?”

मी सांगितलं. निवृत्ती, अठरा नळ्या, सोमवारची गाडी. बोलताना मला जाणवत होतं की एक मिनिट यातच चाललंय. सरांनी मधे तोडलं नाही.

“सहांवर चूक किती राहते?”

तो आकडा माझ्याकडे होता. “साडेसहा टक्के. आठ झाल्या असत्या तर साडेपाचच्या वर थोडी.”

“साडेसहा,” सर म्हणाले. पलीकडे पेन्सिलीचा आवाज आला. “आपल्याला दहाच्या आत हवी होती ना?”

“हो.”

“मग टेप घेऊन ये. आणि त्या माणसाचं पूर्ण नाव घेतलंस का? निबंधाच्या आभारात घालायला लागेल.”

मी घेतलं नव्हतं. तसं सांगेपर्यंत तीन मिनिटं संपली. मी शफीभाईंना म्हणाले, जीप वळवा.